बुरशी रुजते ती जागा

सोयाबीनची मळणी सुरू झाली की लातूर, उदगीर, देगलूर, नांदेड या पट्ट्यातल्या नेत्रतज्ज्ञांकडे एका ठरावीक तक्रारीचे रुग्ण येऊ लागतात. कुणाच्या डोळ्यात मळणीयंत्रातून उडालेले भुसकट गेलेले असते, कुणाला तुरीची काडी लागलेली असते, तर उसाच्या फडात कुणाच्या बुबुळावरून पाचटाचे पाते घासून गेलेले असते. पहिल्या दिवशी डोळा चोळून, पाण्याचे हबके मारून माणूस पुन्हा कामाला लागतो, कारण सुगीत घरी बसणे परवडत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळा लालभडक होतो, उजेड सोसवत नाही, मग मेडिकलमधून थेंब येतात. त्या थेंबांत स्टेरॉइड असले तर दोन दिवस बरे वाटते आणि तेवढ्या अवधीत आतली बुरशी मोकळेपणाने पसरते. अखेर तो डॉक्टरांपुढे बसतो तेव्हा बुबुळावर पांढुरका, कोरडा, पिसासारख्या विस्कटलेल्या कडांचा व्रण असतो. व्रण भरला तरी डाग राहतो. गावात म्हणतात, डोळ्यात फूल पडले.

हे पुस्तक प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी ऊतींविषयी आहे आणि त्यांच्यावर बुरशीचा संसर्ग कसा अभ्यासतात याविषयी आहे. विषय नवा आहे, परदेशी नावांनी भरलेला आहे, आणि त्याची ओळख करून देताना बोस्टन किंवा बर्लिनपासून सुरुवात करणे सोपे गेले असते. पण जगात दरवर्षी बुबुळाच्या बुरशीसंसर्गाची दहा लाखांहून अधिक प्रकरणे होतात असा अंदाज आहे आणि त्यांतला मोठा वाटा उष्ण हवेच्या, शेती करणाऱ्या प्रदेशांचा आहे. म्हणजे हा प्रश्न आपला आहे. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत आपली माणसे फार थोडी आहेत, म्हणून प्रस्तावना लातूर-नांदेडच्या शिवारातूनच सुरू केली आहे.

या व्रणांत पुन्हा पुन्हा सापडणारी एक बुरशी म्हणजे फ्युजेरियम. आपल्या शेतकऱ्याला ती नावाने नसली तरी करणीने ठाऊक आहे. उभी तूर फुलोऱ्यात येता येता वाळून जाते, त्या मर रोगामागे फ्युजेरियम उडम ही जात असते. केळीच्या पनामा मर रोगामागेही याच कुळातली दुसरी जात आहे. डोळ्यात शिरणाऱ्या जाती बहुधा वेगळ्या असतात, पण घराणे तेच. माती, काडीकचरा, कुजके खोड हे त्यांचे ठिकाण. माणसाच्या बुबुळात त्या अपघाताने पोचतात आणि तरीही तिथे रुजतात. अपघाताने आलेली बुरशी जिवंत ऊतीत पाय कसे रोवते, हा या पुस्तकाचा मुख्य प्रश्न आहे.

निदान कसे होते ते जवळून पाहिले की या प्रश्नाची अडचण कळते. डोळा बधिर करून व्रणाच्या कडेवरून आणि तळातून पात्याने थोडा कण खरवडून घेतात. तो काचपट्टीवर ठेवून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणाचा थेंब सोडतात, वर कव्हरस्लिप ठेवतात आणि थोडा वेळ थांबतात. या अल्कलीने माणसाच्या पेशी विरघळतात, बुरशीची कायटिनयुक्त भिंत मात्र टिकते. मग सूक्ष्मदर्शकाखाली, जवळजवळ रिकाम्या झालेल्या क्षेत्रात, काचेच्या नळ्यांसारखे पारदर्शक तंतू दिसतात. त्यांना आडवे पडदे असतात, मधूनच फाटे फुटलेले असतात. तालुक्याच्या ठिकाणी, एका साध्या सूक्ष्मदर्शकावर, अर्ध्या तासात होणारी ही तपासणी डोळा वाचवू शकते. तिचे मोल मी कणभरही कमी लेखत नाही.

पण या तपासणीत बुरशी दिसावी म्हणून आपण माणूस विरघळवतो. त्याच खरवडीचा दुसरा कण साबुरो आगर या पोषक माध्यमावर पेरतो, तेव्हा बुरशी साखर आणि पेप्टोनवर वाढते. तिथे तर माणूस सुरुवातीपासूनच नसतो. बशीत वाढलेल्या बुरशीला कोणते औषध किती मात्रेत रोखते तेही आपण मोजतो. रोजच्या वापरातली आपली ही सगळी साधने बुरशीला रुग्णापासून वेगळे काढून पाहतात. आजार मात्र दोघांच्या भेटीत असतो.

बुबुळाचेच उदाहरण पुढे नेऊ. मध्यभागी ते जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पण त्यात कोलॅजेनचे दोनशेहून अधिक थर एकावर एक रचलेले असतात. त्याला रक्तवाहिन्या नसतात. म्हणूनच ते पारदर्शक राहते, आणि म्हणूनच संरक्षक पेशी तिथे पोचायला वेळ लागतो. बुरशीचे तंतू या थरांच्या फटींतून आडवे सरकतात आणि काही वेळा थेट खोल उभे घुसतात. नॅटामायसिन हे या आजारावरचे महत्त्वाचे औषध १९५५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. दक्षिण भारतातल्या रुग्णांवर झालेली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी सांगते की ते नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियमवर. पण नॅटामायसिन खोल थरांत नीट उतरत नाही. बशीतल्या चाचणीत बुरशी हरते आणि डोळ्यात मात्र तग धरून राहते, याचे एक कारण औषध आणि खोलवरचे तंतू यांच्यातले हे अंतर आहे. सपाट बशीला खोलीच नसल्यामुळे ते तिथे मोजता येत नाही.

मग उंदीर? उंदराने बुरशीशास्त्राला पुष्कळ दिले आहे. पण त्याचे बुबुळ आपल्यापेक्षा कितीतरी पातळ. त्याची त्वचा केसाळ आणि तलम, त्यामुळे माणसाच्या त्वचेला सरावलेल्या कित्येक बुरशी तिथे नीट बसत नाहीत. अनेकदा संसर्ग व्हावा म्हणून त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी आधी मोडावी लागते. त्यानंतर हाती येणारे उत्तर मोडलेल्या उंदराचे असते.

तूर संशोधकांनी ही अडचण आपल्या परीने फार पूर्वी सोडवली आहे. मरीला तोंड देणारे वाण निवडताना पैदासकार निरोगी रानावर विसंबत नाहीत. ज्या मातीत मर मुद्दाम जोपासलेली आहे अशा 'सिक प्लॉट'मध्ये ते वाण पेरतात आणि कोणते झाड उभे राहते ते पाहतात. बदनापूरच्या केंद्रातून आलेल्या बीडीएन ७११ सारख्या वाणांवर आज मराठवाड्याचा शेतकरी विश्वास टाकतो तो अशा पारखणीमुळे. माणसाला कुणी सिक प्लॉटमध्ये उभे करणार नाही. त्रिमितीय ऊती ही त्याच्या जागी केलेली व्यवस्था आहे: माणसाच्याच पेशींचे, माणसासारखेच थर असलेले, मुद्दाम बाधित केलेले छोटे रान.

ते तयार कसे होते? त्वचेपासून सुरुवात करू, कारण इतिहासही तिथूनच सुरू होतो. १९७५ मध्ये अमेरिकेत ऱ्हाइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी, म्हणजे केराटिनोसाइट, प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवण्याची रीत शोधली. काही वर्षांतच यूजीन बेल यांनी तंतुपेशी कोलॅजेनच्या जेलीत मिसळल्या, तेव्हा त्या पेशींनी ती जेली स्वतःच आवळून घट्ट केली आणि त्वचेच्या आतल्या थराशी जुळणारे काहीतरी तयार झाले. आजची रीत या दोन्हींच्या आधाराने चालते. शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या त्वचेतून, संमतीने, पेशी मिळवतात. बारीक छिद्रांच्या पडद्यावर तंतुपेशी आणि कोलॅजेनचा थर घालतात, त्यावर केराटिनोसाइट पसरतात आणि सगळे काही दिवस पोषक द्रवात बुडवून ठेवतात. मग महत्त्वाचा क्षण येतो. वरचा द्रव काढून घेतात. आता पेशींना खालून अन्न मिळते आणि वरून हवा लागते. हवा लागताच त्या रचना बदलू लागतात. एकावर एक थर चढतात, वरच्या पेशी चपट्या होतात, मरतात आणि दीड-दोन आठवड्यांत खऱ्या त्वचेवर असतो तसा मृत केराटिनचा कोरडा पापुद्रा धरतो. बोटाच्या नखाएवढा तुकडा, पण त्याला वरची आणि खालची बाजू आहे. बुरशीसाठी एवढा फरक पुरेसा ठरतो, कारण गजकर्णाची बुरशी जगते ती नेमकी त्या मृत पापुद्र्यावर.

गजकर्णाचे नाव आले आहे तर तिथे थोडे थांबले पाहिजे. त्वचारोगतज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागात बसून पाहा: जांघेत, कमरेला, पोटावर पसरलेले, महिनोन् महिने न हटणारे चट्टे; एका घरात एकाला झाले की बाकीच्यांनाही. पूर्वी दोन आठवड्यांच्या मलमाने जाणारा आजार असा का चिवट झाला? एक उत्तर २०२० मध्ये नाव मिळालेल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीत आहे. टर्बिनाफिन हे बुरशीनाशक ज्या एन्झाइमवर घाव घालते, त्याच्याच जनुकात या बुरशीच्या अनेक वाणांमध्ये बदल झालेला असतो आणि औषध लागूच पडत नाही. भारतातून ती आता अनेक देशांत पोचली आहे. दुसरे उत्तर दुकानाच्या फळीवर आहे: बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखे जहाल स्टेरॉइड एकत्र कोंबलेल्या ट्यूब. खाज तासाभरात थांबते, म्हणून लोक त्या पुन्हा घेतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणले. तो निर्णय योग्य होता आणि त्याची अंमलबजावणी अजून फार ढिली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रयोगशाळेतली त्वचा इथे कामाला येते. बेल्जियममधल्या नामूर विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये दाखवले की पुनर्रचित मानवी बाह्यत्वचेवर ट्रायकोफायटॉनचे बीजाणू ठेवले की ते चिकटतात, अंकुरतात, काही दिवसांत तंतू पापुद्र्यात शिरतात आणि बुरशीनाशकाने ही चाल रोखता येते. ही पायरी साधली की पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात. याच त्वचेवर आपल्याकडचा टर्बिनाफिनला न जुमानणारा वाण ठेवला तर? आधी क्लोबेटासोल लावून मग बीजाणू ठेवले तर तंतू किती खोल जातात? हे प्रश्न लातूरच्या दवाखान्यात रोज येणाऱ्या रुग्णाचे आहेत आणि रुग्णाच्या अंगावर प्रयोग करून त्यांची उत्तरे शोधता येत नाहीत.

माणसाच्या पेशी समोर ठेवल्याशिवाय काही गोष्टी दिसतच नाहीत, याचे सर्वांत ठळक उदाहरण कॅन्डिडाचे. कॅन्डिडा अल्बिकन्स आपल्यापैकी अनेकांच्या तोंडात आणि आतड्यात निमूट राहते. ती गोल यीस्टच्या रूपातून तंतूच्या रूपात गेली की अस्तराला इजा करते, हे ठाऊक होते; इजा नेमकी कशाने होते ते दीर्घकाळ कळले नव्हते. २०१६ मध्ये लंडन आणि जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी मानवी तोंडाच्या अस्तराच्या पेशींवर काम करून कॅन्डिडालायसिन नावाचे विष शोधले. बुरशी ते पेशीच्या आवरणाला लागून सोडते आणि आवरणाला भोके पाडते.

आता म्युकर, म्हणजे म्युकरमायकोसिस. २०२१ चा उन्हाळा मराठवाड्यातले कोणतेही कुटुंब विसरणार नाही. करोनातून उठलेला माणूस गाल सुजून, डोळा पुढे येऊन, टाळू काळवंडून परत दवाखान्यात दाखल होत होता आणि नातेवाईक अँफोटेरिसिन या बुरशीनाशकाच्या कुप्यांसाठी नांदेड, लातूर, औरंगाबाद, हैदराबाद असे फोन फिरवत होते. केंद्र सरकारने मे महिन्यात राज्यांना हा आजार अधिसूचित करायला सांगितले. २८ जूनपर्यंत देशात ४०,८४५ रुग्णांची नोंद झाली होती. त्यांपैकी ६४ टक्के मधुमेही होते आणि ५२ टक्क्यांहून अधिक जणांना स्टेरॉइड दिले गेले होते. या आकड्यांमागे किती जणांचा डोळा, जबडा, जीव गेला याची मोजदाद शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या मनात आहे.

त्या बुरशीची, बहुतेक वेळा ऱ्हायझोपसची, रीत काय? तिला लोह हवे असते. एरवी रक्तातले लोह प्रथिनांनी घट्ट धरून ठेवलेले असते. मधुमेह हाताबाहेर जाऊन रक्त आम्लधर्मी झाले की ते सुटे होते. त्याच स्थितीत रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर जीआरपी ७८ नावाचे प्रथिन वाढते आणि बुरशी आपल्या पृष्ठभागावरच्या सीओटीएच प्रथिनाने त्यालाच पकडते. हा दुवा २०१० नंतरच्या काही वर्षांत कॅलिफोर्नियातल्या अश्रफ इब्राहिम यांच्या गटाने उलगडला. एकदा पकड मिळाली की बुरशी वाहिनीत शिरते, रक्ताची गुठळी होते, पुढचा भाग रक्ताविना मरतो आणि काळा पडतो. मेलेल्या भागात रक्त जात नाही, म्हणून शिरेतून दिलेले औषधही जात नाही. तो भाग कापूनच काढावा लागतो.

यातले बरेच ज्ञान सपाट थरातल्या पेशींवर आणि उंदरांवर मिळाले आहे. पण नाकाचे अस्तर, त्याखालची ऊती, तिच्यातली वाहिनी आणि वाहिनीतून वाहणारा प्रवाह ही सगळी साखळी एकत्र पाहायची तर तिसरी मिती लागते. २०१० मध्ये हार्वर्डच्या 'वीस' (Wyss) नावाच्या संस्थेने पारदर्शक चिपवर श्वास घेतल्यासारखे ताणले जाणारे फुप्फुसाचे अस्तर तयार केले. तेव्हापासून या चिप-ऊतींवर बुरशी वाढवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. येना इथे फुप्फुसातल्या ॲस्परजिलस या बुरशीचा संसर्ग अशा चिपवर अभ्यासला गेला. म्युकरसाठी मला या रीतीची मोठी आशा वाटते. साखर, लोह, आम्लता, स्टेरॉइड हे चारही घटक २०२१ मध्ये आपल्या रुग्णांत एकत्र गुंतलेले होते. कोणत्या घटकाचा वाटा किती, हे रुग्णांच्या केसपेपरांतून पुरते सुटत नाही. ऊतीवर प्रत्येक घटक एकेक करून वाढवता येतो. स्टेरॉइड कधी द्यावे, किती द्यावे आणि साखर कुठवर आणावी याचे नियम पुढच्या साथीआधी हाती हवे असतील, तर हे काम आत्ता, शांत काळात व्हायला हवे.

या पद्धतीच्या उणिवाही पुस्तकाने लपवलेल्या नाहीत. बहुतेक प्रतिरूपांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी नसतात. त्यामुळे त्वचेवर एरवी वरच्या पापुद्र्यात अडून राहणारी बुरशी प्रयोगशाळेतल्या तुकड्यात थेट खोलवर उतरते आणि पाहणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते. घाम नाही, अश्रू नाहीत, त्वचेवर नेहमी वसणारे जिवाणू नाहीत. एका दात्याच्या पेशी दुसऱ्याच्या पेशींसारख्या वागत नाहीत. खर्चही फार. अशा तुकड्यावर मिळालेल्या उत्तरावरून रुग्णाचे औषध ठरवण्याची घाई कुणी करू नये. तरीही औषध तपासण्याच्या वाटेवर या ऊतींना आता अधिकृत स्थान आहे: मार्च २०२३ मध्ये भारताने नवी औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून ऑर्गनॉइड, चिपवरचे अवयव अशा प्राण्यांविना होणाऱ्या पद्धती मान्य केल्या.

आणि हे सगळे फार दूर नाही. नांदेडहून रात्रीच्या गाडीने हैदराबादला उपचारासाठी जाणारी कुटुंबे ज्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत पोचतात, तिथल्या सायन बसू आणि विवेक सिंग यांच्या गटाने आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी ही पेशी व रेणवीय जीवशास्त्राची संस्था यांच्यासोबत २०२२ मध्ये मानवी बुबुळाच्याच घटकांपासून त्रिमितीय छपाईने बुबुळ तयार केले आणि सशाच्या डोळ्यात बसवले. त्यांचा हेतू रोपणाचा होता, संसर्गाच्या अभ्यासाचा नव्हता. पण वापरलेली सामग्री लक्ष देण्यासारखी आहे: नेत्रदानात मिळालेली, पण रोपणाला अयोग्य ठरलेली बुबुळे. अशी बुबुळे पोषक द्रवात काही दिवस जिवंत ठेवता येतात आणि त्यांवर बुरशीचा संसर्गही अभ्यासता येतो. छपाईयंत्र नसले तरी ती त्रिमितीय मानवी ऊतीच आहे. दुसऱ्या दिशेला पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात मानवी पेशींचा. औषधाच्या बाजूनेही महाराष्ट्राचा वारसा आहे: पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार यांनी तिथल्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले होते.

मग आपल्या दोन जिल्ह्यांचे काम काय? नांदेडजवळ विष्णुपुरीला शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ शेजारी शेजारी आहेत. लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाची शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, विद्यापीठाचे उपकेंद्र आहे आणि डॉक्टर होण्यासाठी राज्यभरातून आलेली हजारो मुले आहेत. पेशीसंवर्धनाची महागडी प्रयोगशाळा उद्या इथे उभी राहील असे मी म्हणत नाही. पण हैदराबाद-पुण्यातल्या ऊतीवर ठेवायला जी बुरशी लागते ती इथे आहे, आणि ती आपण बशीसकट ऑटोक्लेव्ह करून टाकून देतो. अहवाल दिला की वाण संपला. मागच्या तीस वर्षांत नांदेड-लातूरच्या डोळ्यांतून वाढवलेले फ्युजेरियम जपले असते, तर औषधाला ते कधीपासून आणि कसे दाद देईनासे झाले हे आज तपासता आले असते.

जपणे अवघड नाही. कॅस्तेलानी यांची १९३९ ची पद्धत आजही चालते: झाकणाच्या छोट्या बाटलीत निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणी, त्यात वाढलेल्या बुरशीचे आगरसकट कापलेले काही तुकडे, झाकण घट्ट, बाटली साध्या कपाटात. कित्येक बुरशी अशा पाण्यात अनेक वर्षे जिवंत राहतात. वीज गेली तरी त्यांना काही होत नाही. त्यासोबत एक कार्ड हवे: रुग्णाचे नाव नको, पण कोणत्या पिकात इजा झाली, किती दिवसांनी तो आला, आधी कोणते थेंब किंवा मलम वापरले, साखर किती होती, औषधाला काय प्रतिसाद मिळाला. पुस्तकाच्या परिशिष्टात या कार्डाचा नमुना मराठीत छापला आहे. एमएस्सीच्या विद्यार्थ्याने किंवा निवासी डॉक्टरने आधी तो भाग वाचावा, आपल्या विभागप्रमुखांना दाखवावा, नैतिकता समितीची परवानगी घ्यावी आणि येत्या सोयाबीनच्या सुगीपासून बाटल्या भरायला लागावे.